मायलोचा टोलनाका

(मंडळाच्या अणशी येथील पावसाळी कौटुंबिक मुक्कामात बालवाचन गटाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)

मंडळाचे अध्यक्ष, ज्येष्ठ मंडळी, भगिनींनो, आणि भज्यांच्या वासाने दर दोन मिनिटांनी मागे वळून बघणाऱ्या बालमित्रांनो,

गणरायाला वंदन करून सुरुवात करतो. आज हे वंदन नुसत्या रिवाजाचं नाही. गणपती आणि गणित हे दोन्ही शब्द एकाच 'गण'च्या घरातले, आणि शब्दविद्या तर त्याची आहेच. आम्ही ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहोत, त्यातलं सगळं भांडण शब्द मोठे की आकडे मोठे याच गोष्टीवरून पेटलेलं आहे. तेव्हा या दैवताला मध्यस्थ म्हणून आधीच बसवलेलं बरं.

'आम्ही' म्हणजे कोण, तेही सांगतो. मंडळाच्या बालवाचन गटाचे आम्ही सहा जण. दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेतले, एक डॉक्टरीणबाई, आणि 'मुलं वाचत नाहीत' अशी तक्रार करून करून शेवटी स्वतःच कामाला लागलेल्या दोन आज्या. भाषण सहा जणांनी मिळून लिहिलंय, त्यामुळे मधेच सूर बदलला तर सांभाळून घ्या.

पुस्तकाचं नाव 'द फँटम टोलबूथ'. लेखक नॉर्टन जस्टर, चित्रं जूल्स फायफर यांची, साल १९६१. अमेरिकेत या पुस्तकाला मोठा मान आहे. आपल्या मराठी घरांत मात्र त्याचं नाव सहसा ऐकू येत नाही. ॲलिस आपल्याकडे आली. दे. ना. टिळकांनी, म्हणजे 'स्मृतिचित्रे'मधल्या दत्तूंनी, तिला 'जाई' करून 'जाईची नवलकहाणी' सांगितली. अर्थात ती जाई तरी आज किती घरांत सापडेल? हॅरी पॉटर तर मराठीत वाजतगाजत आला. मायलो नावाचा हा कंटाळलेला मुलगा मात्र आपल्या उंबऱ्याशी तसाच उभा राहिला. त्याला घरात घ्यावं, एवढीच आजची विनंती.

मुलांच्या पुस्तकांकडे दुर्लक्ष करणं ही आपली जुनी खोड आहे, आणि त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. आपल्या धारवाडचे जी. ए. कुलकर्णी घ्या. आपल्यापैकी बऱ्याच कपाटांत 'काजळमाया' आहे, 'पिंगळावेळ' आहे. पण 'बखर बिम्मची' आणि 'मुग्धाची रंगीत गोष्ट' ही त्यांची मुलांसाठीची दोन पुस्तकं? मोठ्या लेखकाचं लहानांसाठीचं पुस्तक आपण त्याचा विरंगुळा समजतो आणि बाजूला ठेवतो.

आता गोष्ट. मायलो हा नऊ-दहा वर्षांचा असावा असा मुलगा. त्याला कशातच रस नाही. शाळेत असला की बाहेर जावंसं वाटतं, बाहेर असला की घरी यावंसं वाटतं. खोली खेळण्यांनी भरलेली, पण एकालाही हात नाही. (इथे बसलेल्या आईवडिलांनी एकमेकांकडे बघायची गरज नाही, आम्हाला कळलं.) एक दिवस तो शाळेतून येतो तो खोलीत एक भलंमोठं खोकं. त्यात जोडायचा टोलनाका, एक नकाशा, नियमांचं पुस्तक आणि टोल भरायला नाणी. दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून तो नाका जोडतो, आपल्या छोट्या विजेच्या मोटारीत बसतो, नाणं टाकतो आणि पलीकडच्या देशात जातो.

ॲलिस बिळात पडते. नार्नियातली मुलं कपाटात लपायला जातात आणि बर्फात निघतात. त्यांचं ते चुकून होतं. मायलोचं तसं नाही. तो रीतसर टोल भरतो! आमच्या गटातले बँकवाले म्हणाले, जगातल्या सगळ्या अद्भुत कथांत पावतीसकट प्रवेश घेणारा नायक हा एकटाच असेल. पण या थट्टेत पुस्तकाचं मर्म आहे. पलीकडच्या देशात ना पऱ्या आहेत, ना जादूच्या कांड्यांचं युद्ध. तिथे आहेत आपलेच रोजचे शब्द, वाक्प्रचार आणि बेरजा-वजाबाक्या. आपण बोलून विसरतो त्या गोष्टी तिथे खऱ्याखुऱ्या समोर उभ्या राहतात.

पहिलाच मुक्काम घ्या. मायलो गाडी चालवता चालवता विचार करायचा थांबतो, आणि गाडी एका करड्या, सुस्त मुलखात येऊन अडकते. इंग्रजीत त्याचं नाव 'डोल्ड्रम्स'. आम्ही मुलांना सांगताना 'मरगळ' म्हटलं. मरगळ नावाचं गाव. तिथल्या रहिवाशांना विचार करायला कायद्याने बंदी आहे, आणि आळसाचं त्यांचं वेळापत्रक इतकं भरगच्च की कामाला सवडच नाही. तिथे मायलोला टॉक भेटतो. तो कुत्रा आहे आणि त्याचं अंग म्हणजे टिकटिकणारं घड्याळ. इंग्रजीत राखणदार कुत्र्याला 'वॉचडॉग' म्हणतात, त्यातला 'वॉच' लेखकाने उचलून त्याच्या पोटातच बसवला. टॉकला सर्वांत चीड कसली? लोक वेळ मारतात याची. इथे मराठीत सांगताना आम्हाला वाटलं होतं की गंमत अडेल. पण आपणही वेळ मारून नेतोच की! अर्थ थोडा निराळा, तरी मुलांनी तो लगेच पकडला. एका मुलाने विचारलं, "आजी, वेळ मारून नेतात तर कुठे नेतात?" त्या प्रश्नानंतर आम्हाला या पुस्तकाची काळजी वाटेनाशी झाली.

गाडी त्या मरगळीतून सुटते कशी? विचार करू लागल्यावर. बस्स. मायलो डोकं चालवतो, चाकं फिरतात.

पुढे कथेचा मोठा धागा येतो. या देशात दोन भाऊ राजे आहेत. एक अझाझ, शब्दनगरीचा राजा. दुसरा गणितनगरीचा, त्याला 'मॅथमॅजिशियन' म्हणतात, आपण 'गणितमांत्रिक' म्हणू. एकाच्या मते शब्द श्रेष्ठ, दुसऱ्याच्या मते आकडे. निवाड्यासाठी ते आपल्या मानलेल्या बहिणींकडे, दोन राजकन्यांकडे जातात. त्यांचा निकाल असा की शब्द आणि आकडे दोन्ही सारखेच मोलाचे. हा निकाल दोघांनाही पटत नाही, आणि एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत होतं, ते म्हणजे राजकन्यांना हद्दपार करण्यावर. तेव्हापासून त्या हवेतल्या किल्ल्यात कोंडलेल्या आहेत, आणि राज्याची घडी विस्कटली आहे.

त्या राजकन्यांची नावं 'ऱ्हाइम' आणि 'रीझन'. इंग्रजीत एखाद्या गोष्टीला ना ऱ्हाइम ना रीझन म्हणजे काही अर्थ नाही, काही संगती नाही. आता मराठीत काय करायचं? 'यमक' आणि 'तर्क' असं भाषांतर केलं तर नावं बरोबर येतात, पण विनोद मरतो. आम्ही दोन रविवार यावर घालवले. शेवटी तोडगा निघाला तो आमच्या डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंकडून. नातवाच्या खोलीतला पसारा पाहून त्या म्हणाल्या, "या घराला काही ताळतंत्र राहिलं नाही." ताळ आणि तंत्र! दोघी बहिणी सापडल्या. ज्या राज्यातून ताळ आणि तंत्र यांना हद्दपार केलं, त्याचं ताळतंत्र सुटणारच. मूळ लेखकाला मराठी आलं असतं तर त्याने हेच केलं असतं, असं आम्ही मोठ्या धिटाईने म्हणतो.

मग झपाटाच लागला. दोन भावांमध्ये छत्तीसचा आकडा, हे तर आपल्याला आयतंच मिळालं. फळ्यावर ३ आणि ६ लिहून दाखवले, एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले, तेव्हा मुलं खिदळली. त्यातल्या निम्म्या मुलांनी देवनागरी आकडे नीट पाहिलेच नव्हते, हेही तेव्हाच कळलं. शब्द मोठे की आकडे, हा वाद मराठीत तर कधी लागूच शकला नसता, कारण आपण दोन्ही एकाच पानात वाढतो. दीडशहाणा, तीनतेरा, बारा वाजले, सतराशे साठ, साडेतीन मुहूर्त. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची, आणि गणिताचा तो ग्रंथ पद्यात आहे. भुंग्यांचा थवा किती, असं विचारायचं ते वृत्तात बसवून. ताळ आणि तंत्र तिथे एकत्र नांदत होत्या.

शब्दनगरीत शब्दांचा बाजार भरतो. सुटी अक्षरंसुद्धा चाखायला मिळतात. 'ए' गोड लागतो, 'झेड' भुसा खाल्ल्यासारखा कोरडा. आम्ही मुलांना विचारलं, मराठीत 'ळ' कसा लागेल? उत्तर आलं, गुळासारखा, चिकट. 'ण'? खडीसाखर, दाताला लागणारी. एका छोट्या मुलीने 'ङ'ला कुणी विकतच घेत नाही, असं सांगून टाकलं. मग राजाची मेजवानी. मेजवानीत पाहुण्याने भाषण करायचं आणि मग जे शब्द बोललो तेच खायचे. मायलो भाबडेपणाने दोन वाक्यं नीरस बोलतो आणि ताटात तेवढंच येतं. बाकीचे हुशार. ते पदार्थांची नावंच घेत सुटतात. बोलाची कढी नि बोलाचा भात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिजतोय, त्यामुळे या प्रकरणात आम्हाला काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

असंच एक बेट आहे. घाईघाईने मत ठोकून दिलं की माणूस उडून थेट त्या बेटावर जाऊन पडतो, आणि परत यायचं तर ज्ञानाच्या समुद्रातून पोहत यावं लागतं. मायलो चिंब भिजून येतो. त्यांच्याबरोबरचा बढाईखोर हंबग, म्हणजे एक मोठा थोरला कीटक, त्याच समुद्रातून अगदी कोरडा बाहेर पडतो. (असे हंबग आपण सभांतून पाहतो. आजच्या नव्हे.) इंग्रजी वाक्प्रचार इथे मराठीत जसाच्या तसा बसत नाही. पण 'उचलली जीभ लावली टाळ्याला' ही म्हण आहे ना. म्हणून आमच्या सांगण्यात ते टाळ्याचं बेट झालं. आणि इंग्रजीतला 'सेन्सस टेकर', म्हणजे उच्चार थोडा वळवला की माणसाची जाणीवच काढून घेणारा कारकून, त्याचं मराठी रूप तर मुळाहून सरस निघालं. शिरगणतीला आलेला अधिकारी. शंभर प्रश्न विचारतो, शिरं मोजतो, आणि मोजता मोजता तुमचं शिरच घेऊन जातो! त्याला एक गोष्ट मात्र पळवता येत नाही. माणसाचं हसू.

आता कुणी म्हणेल, ही सगळी शब्दांची कसरत झाली, मुलांच्या मनाला यात काय भिडतं? रास्त प्रश्न आहे. जस्टर हा पेशाने वास्तुरचनाकार होता. शहरांवर मुलांसाठी पुस्तक लिहायला त्याने फोर्ड फाउंडेशनची मदत घेतली होती. ते काम टाळता टाळता त्याने हे लिहिलं. फायफर त्याच्याच इमारतीत खाली राहायचा. वर लिहिलेली पानं खाली जायची आणि चित्रं व्हायची. शेजाऱ्याला छळण्यासाठी जस्टरने एक त्रिकूट लिहिलं. एक उंच किडकिडीत, दुसरा बुटका लठ्ठ, आणि तिसरा हुबेहूब पहिल्या दोघांसारखा. काढ म्हणावं चित्र! फायफरने सूड म्हणून हवामानाच्या धांदरट माणसाच्या जागी जस्टरचंच चित्र काढलं. दोघेही आता नाहीत. जस्टर २०२१ मध्ये गेला, फायफर २०२५ मध्ये. लहानपणी जस्टरला आकडे रंगांत दिसत असत, आणि गणितं सोडवायला तो त्या रंगांचा आधार घ्यायचा. कोट्यांची सवय वडिलांकडून आलेली. म्हणजे हा खेळ त्याला वरवरचा नव्हता. त्याच्या डोक्यात शब्द, आकडे आणि रंग यांची दारं एकमेकांत उघडत होती.

पुस्तक आलं तेव्हा ते विकलं जाईल याची खात्री नव्हती. शब्द अवघड, मुलांना कळणार नाही, असंच मत होतं. 'न्यूयॉर्कर'मध्ये एमिली मॅक्सवेल यांनी परीक्षण लिहिलं आणि त्याची तुलना थेट जॉन बनियनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'शी केली. तिथून वारं फिरलं. गंमत पाहा, ते बनियनचं पुस्तक आपल्याकडे केव्हाच आलेलं होतं. हरि केशवजींनी १८४१ मध्ये ते 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं. पुढे १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी तर आपल्या बेळगावात जन्मलेले. मनाच्या अवस्थांना गावं आणि माणसं करून त्यांतून प्रवास करवायचा, ही रीत मराठी वाचकाला नवी नाही.

खरं तर त्याहून कितीतरी जुनी आहे. अकराव्या शतकातलं कृष्णमिश्राचं 'प्रबोधचंद्रोदय' नाटक घ्या. विवेक आणि महामोह हे तिथे राजे आहेत. आणि महाभारताच्या आदिपर्वात उत्तंकाची गोष्ट आहे, ती आम्ही मुद्दाम मुलांना मायलोच्या शेजारी बसवून सांगितली. गुरुपत्नीसाठी आणलेली कुंडलं तक्षक पळवतो आणि बिळात शिरतो. उत्तंक काठीने बीळ खणू लागतो, इंद्राचं वज्र त्याला मदत करतं, आणि तो नागलोकात उतरतो. तिथे काय दिसतं? दोन स्त्रिया मागावर काळ्या आणि पांढऱ्या धाग्यांनी वस्त्र विणताहेत. सहा कुमार बारा आऱ्यांचं चाक फिरवताहेत. परत आल्यावर गुरू अर्थ सांगतात. त्या दोघी धाता आणि विधाता, धागे म्हणजे रात्र आणि दिवस, चाक म्हणजे वर्ष, कुमार म्हणजे सहा ऋतू. अंगात घड्याळ घेऊन फिरणारा टॉक कुत्रा याच घराण्यातला नव्हे काय? फरक एवढाच की उत्तंकाला अर्थ सांगायला गुरू आहेत. मायलोला तो वाटेतच, चालता चालता उमगत जातो. मुलांना हे दुसरं जास्त आवडतं, हे आम्ही पाहिलं.

मनाला काय भिडतं, या प्रश्नाकडे परत येतो. आमच्या मते दोन प्रकरणं. दोन्ही इथे अणशीला वाचण्यासारखी आहेत.

एक आहे ध्वनीच्या दरीचं. तिथे एक राखणदारीण होती. जगातल्या सगळ्या आवाजांची व्यवस्था तिच्याकडे. लोक आधी कान देऊन ऐकायचे. मग गोंगाट वाढला आणि लोक ऐकेनासे झाले, तेव्हा ती रागावली. तिने सगळे आवाज आपल्या किल्ल्यात बंद करून टाकले. दरीत शुकशुकाट. मायलोला तिथून एकच लहानसा आवाज चोरून आणायचा आहे. तो कसा आणतो? तिच्याशी बोलताना 'पण' म्हणायला तोंड उघडतो, आणि शब्द ओठांवर येताच तोंड घट्ट मिटतो. तो न उच्चारलेला 'पण' तोंडात तसाच घेऊन बाहेर येतो. तो तोफेत भरतात, किल्ल्यावर डागतात, आणि कोंडलेले आवाज धो धो बाहेर पडतात.

हे आम्ही इथल्या पडवीत वाचलं, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. मुलांना सांगितलं, आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. ज्या जंगलाला कागदोपत्री १९८७ पासून राष्ट्रीय उद्यान आणि आता काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात, ते आपल्या कुंपणापलीकडेच आहे. पहिलं मिनिट सगळे खुसखुसले. तिसऱ्या मिनिटाला कौलांवरून पडणाऱ्या थेंबांतला फरक ऐकू येऊ लागला. मग लांब कुठेतरी एक पक्षी ओरडला. एक मुलगा कुजबुजला, "मंगट्टे." त्याच्या आजोबांनी हळूच सांगितलं, "धनेश." तो पोरगा म्हणाला, "आजोबा, मग एकाच पक्ष्याला दोन नावं मिळाली!" त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. फायदा झाल्याचा आनंद होता. (मंडपातल्या ध्वनिक्षेपकाबद्दल आम्ही आज काहीही बोलणार नाही. कार्यकारिणी समोरच बसली आहे.)

दुसरं प्रकरण एका शहराचं आहे. तिथे सुंदर घरं होती, रस्ते होते. लोकांना लवकर पोचायची घाई. कुणीतरी शोध लावला की इकडेतिकडे न बघता पायाशी नजर ठेवून चाललं की लवकर पोचता येतं. मग सगळेच तसे चालू लागले. कुणी बघेना, म्हणून शहर हळूहळू दिसेनासं झालं. आजही लोक त्या न दिसणाऱ्या रस्त्यांवरून, न दिसणाऱ्या घरांत राहतात, आणि त्यांना पत्ताच नाही.

हे वाचताना जोयडा तालुक्यात मुलांना काय आठवणार? आमच्यातल्या एका आजीने त्यांना जुन्या सूप्याबद्दल सांगितलं. गणेशगुडीच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेलं गाव, बाजार, देवळं, शाळा. तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, तरी जुनी माणसं अजून तालुक्याला सूपाच म्हणतात. पुस्तकातलं शहर न बघण्यानं गेलं आणि सूपा पाण्यानं गेलं, ही दोन निराळी जाणी आहेत, हे आम्ही मुलांना स्पष्ट सांगितलं. सूप्याच्या लोकांनी मान खाली घातली नव्हती, त्यांना उठावं लागलं. पण मुलांचा पुढचा प्रश्न असा होता की, मग तिथल्या रस्त्यांची नावं कुणाला आठवतात? ती विचारून घ्यायला हवीत, एवढं त्यांनीच ठरवलं. ज्येष्ठ मंडळींपैकी ज्यांचं लहानपण त्या बाजारात गेलं, त्यांच्याकडे मुलं वही घेऊन येतील. त्यांना परत पाठवू नका.

आता दोष सांगतो, कारण नुसती आरती केली तर आमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पुस्तकाच्या मध्यावर कोट्यांची इतकी गर्दी होते की श्वास घ्यायला जागा राहत नाही. काही पात्रं एक विनोद करून जातात आणि पुन्हा आठवतही नाहीत. आणि मुलींचं काय? आमच्या गटातल्या सहावीतल्या मुलीने सरळ विचारलं, "ताळ आणि तंत्र एवढ्या शहाण्या आहेत, तर त्या कुणीतरी सोडवायला येईपर्यंत बसून का राहतात?" उत्तर आमच्याकडे नव्हतं, आणि पुस्तकाकडेही नाही. तिने स्वतःच एक प्रकरण लिहायला घेतलंय, ज्यात तंत्र शिडी बांधते आणि ताळ त्या शिडीला लय देते. मूळ पुस्तकापेक्षा ते आम्हाला जास्त आवडलं, असं म्हटलं तर ती आमची पक्षपाती मतं समजा.

मोठ्या माणसांसाठी एक पात्र मात्र राखून ठेवलंय. अज्ञानाच्या डोंगरात मायलोला एक सभ्य गृहस्थ भेटतो. उंची कपडे, गोड आवाज, फक्त चेहरा नाही. तो तिघांना साधी कामं देतो. मायलोने चिमट्याने वाळूचा ढीग एकेक कण करून हलवायचा, टॉकने थेंब टाकायच्या नळीने विहीर उपसायची, हंबगने सुईने कडा पोखरायचा. कामं सोपी, सुखाची, आणि हात चालू राहतात म्हणून बरंही वाटतं. बऱ्याच वेळाने मायलो हिशेब करतो, तर ही कामं संपायला ८३७ वर्षं लागणार! तो गृहस्थ म्हणजे क्षुल्लक कामांचा आणि वाया गेलेल्या कष्टांचा राक्षस. मुलं इथे हसली. आम्ही सहाही जण गप्प होतो. आमच्या बँकवाल्यांनी खिशातला मोबाइल काढला, बघितला, आणि परत ठेवला.

शेवट सांगून टाकतो, त्याने वाचनाची मजा जात नाही. राजकन्या सुटतात. मग दोन्ही राजे मायलोला सांगतात की ही कामगिरी अशक्य होती, म्हणूनच ते निघताना तसं बोलले नव्हते. मायलो परत येतो. त्याला वाटतं आठवडे लोटले असतील, घड्याळात गेलेला असतो एक तास. दुसऱ्या दिवशी शाळेतून धावत येतो, तर टोलनाका गायब. त्याला वाट कळली आहे, आता नाका दुसऱ्या मुलांना हवा, अशी चिठ्ठी. तो क्षणभर खट्टू होतो. मग खिडकीबाहेर बघतो, खोलीतल्या पुस्तकांकडे बघतो, आणि लक्षात येतं की इथेच एवढं काही करण्यासारखं आहे की परत जायला वेळ कुठून काढायचा.

हे पुस्तक साठ वर्षांहून जास्त टिकलं ते याच शेवटामुळे, असं आम्हाला वाटतं. इतर गोष्टींत दार बंद झालं की मूल आपल्या साध्या खोलीत उदास बसतं. इथे दार त्याच खोलीत परत उघडतं. आणि त्या पलीकडच्या देशाचं सामान म्हणजे भाषा. म्हणून हे पुस्तक आपल्यासारख्या घरांना जास्त लागू आहे. आपली मुलं शाळेत कन्नड आणि इंग्रजी बोलतात, बाजारात कोंकणी, आणि घरी मराठी, तीही कामापुरती. 'जेवायला ये', 'अभ्यास कर', 'मोबाइल ठेव'. एवढ्या मराठीत घर चालतं. पण ताळतंत्र, छत्तीसचा आकडा, टाळ्याला लावलेली जीभ हे त्यात कुठे येतं? हे पुस्तक सांगताना आम्हाला त्या शब्दांची गरज पडली, म्हणून ते कपाटातून निघाले. मुलांना ते जुने वाटले नाहीत. त्यांना ती खेळणी वाटली. गेल्या आठवड्यात आमच्यापैकी एकाच्या घरी आठ वर्षांच्या नातवाने आईवडिलांच्या वादात मधे येऊन विचारलं, "तुमचा छत्तीसचा आकडा आहे का?" वाद तिथेच थांबला. नातवाला मात्र त्या रात्री लवकर झोपवण्यात आलं.

आम्ही पुस्तक कसं वाचतो, हे काही जणांनी विचारलंय. एक जण इंग्रजीतून प्रकरण आधी वाचून येतो आणि मराठीत सांगतो. अडेल तिथे मुलांना विचारतो. ज्यांना कन्नड चांगलं येतं ती मुलं कन्नडमधली म्हण देतात, आणि दोन्हींपैकी जी जास्त हसवते ती राहते. वेळ लागतो. एका रविवारी एकच प्रकरण होतं. पुढल्या सुट्टीत घरोघरी हे करून बघायचं असेल तर आमची वही मागून न्या. तीत नावांची मराठी रूपं लिहिली आहेत, आणि कोऱ्या जागाही बऱ्याच आहेत. 'स्पेलिंग बी' या मधमाशीचं मराठीत काय करावं, हे अजून ठरलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाची माशी, इथपर्यंत आलोय. ज्येष्ठ मंडळींनी मदत करावी.

उद्याचं सांगून थांबतो. पुस्तकात क्रोमा नावाचा एक संगीतकार आहे. त्याचा वाद्यवृंद आवाज काढत नाही, रंग वाजवतो. तो वाजतो म्हणून आकाश निळं आणि पानं हिरवी. एके पहाटे ५ वाजून २३ मिनिटांचा सूर्योदय मायलो स्वतः वाजवायला जातो आणि असा गोंधळ घालतो की काही क्षणांत सात दिवस उलटून जातात. ते प्रकरण उद्या पहाटे याच पडवीत सांगायचं आहे. मुलांनी साडेपाचला उठायचं, मोठ्यांनी आलं तर चालेल. विजेऱ्या आणा, छत्र्या आणा, मोबाइल खोलीत ठेवा. ढग असलेच तर करड्या रंगाचे वादक तरी हजर असतील. चहा सहाला मिळेल, असं स्वयंपाकघरातून कबूल करून घेतलं आहे.

गणपती बाप्पा मोरया.